खिडकीजवळची खुंटी

"ती खुर्ची जरा डावीकडे घ्या. इथून ती रिकामी वाटत नाहीये," डॉक्टर टॅबाक म्हणाले.

मी खुर्ची डावीकडे सरकवली. रिकामी खुर्ची रिकामी दिसावी म्हणून क्लीव्हलंडच्या आमच्या ज्यू समाजगृहात तीन धडधाकट माणसं दुपारभर राबत होती. पेसाखच्या, म्हणजे गुलामीतून सुटकेच्या सणाआधी आमच्याकडे मोठं सामुदायिक जेवण असतं. सोव्हिएत रशिया ज्यांना बाहेर पडू देत नाही अशा आपल्या माणसांसाठी त्यात एक खुर्ची मोकळी ठेवायची, तिला निळी फीत बांधायची, असा त्या वर्षांत रिवाज पडला होता. टॅबाक हे दातांचे डॉक्टर आणि आमच्या समितीचे अध्यक्ष. समोरच्यानं आ वासलेला असताना एकट्यानंच बोलत राहायची सवय त्यांना दवाखान्यात लागली होती.

"फ्रूमाला हिच्या शेजारी बसवू. फोटोत दोघी... म्हणजे ती आणि खुर्ची, एकत्र यायला हव्यात."

फ्रूमा गिटलिन समाजगृहाच्या दाराशी कोट सांभाळायची. येणाऱ्याचा कोट घ्यायचा, आकडा कोरलेला पितळी बिल्ला द्यायचा. जाताना बिल्ला घेऊन कोट परत. रशियातल्या बांधवांविषयी आम्ही सगळेच कळवळून बोलायचो, पण खरीखुरी बहीण तिकडे असलेली ही एकटीच. हास्या, मिन्स्कला, नवरा याकोवबरोबर. युद्धानंतर दोघींची गाठ नव्हती. कोटांच्या खोलीत खिडकीजवळची एक खुंटी कायम मोकळी असायची. कडाक्याच्या थंडीत कोटांवर कोट चढायचे, तरी फ्रूमा त्या खुंटीला कुणाला हात लावू द्यायची नाही. "ती हास्याची," एवढंच म्हणायची.

गावात काहींचा समज होता, की आम्ही मनात आणलं की वॉशिंग्टन हलतं. आम्हाला समाजगृहाची गळकी पन्हळ कित्येक वर्षं हलवता आली नव्हती. पण तेव्हा खरंच काहीतरी हललं. गावोगावच्या आमच्यासारख्या समित्यांनी सिनेटरांची दारं ठोठावली : जो देश माणसांना सोडत नाही, त्याला व्यापारात सवलत देऊ नका. आम्हीही बस करून गेलो. सिनेटरच्या मदतनिसापुढे डॉक्टर पुष्कळ बोलले. शेवटी त्यानं फ्रूमाकडे पाहिलं. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"यानं माझी बहीण येईल?"

"शक्यता वाढेल."

"मग करा."

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर तिनं केलेलं भाषण एवढंच. जानेवारीत कायदा झाला. आम्ही हेरिंग मासा आणि मधाचा केक खाल्ला. मॉस्कोनं संतापून व्यापार करारच धुडकावला आणि दारं आणखी घट्ट लावली. "औषध कडू लागतंय म्हणजे लागू पडतंय," डॉक्टर म्हणाले.

जेवणाच्याच दिवशी सकाळी ऑफिसात मिन्स्कचा फोन लागला होता. फोन लावून देणं माझं काम. समितीच्या नियमाप्रमाणे दुसरा रिसीव्हर माझ्या कानाला.

"फ्रूमा, मी देश सोडायचा अर्ज मागे घेतला."

"हास्या, फोनवर बोलतेस हे?"

"ऐकणाऱ्यांनाही हेच ऐकायचंय. अर्जापायी याकोवची नोकरी गेली, मग माझी. तो अंथरुणातून उठत नाही आता. पुरे झालं गं."

"अगं, इथे एवढे लोक तुझ्यासाठी..."

"माहितीये. फार उपकार म्हणावं. आणि म्हणावं, थोडी कमी मदत करा."

दोघी हसल्या. मग नुसती खरखर.

"थंडी आहे का गं तिकडे?"

"आहे. तिकडे?"

"इकडेही आहे."

फोन तुटला. फ्रूमानं रिसीव्हर जागेवर ठेवला, त्याची वायर सरळ केली. "आज कुणाला सांगू नका," ती मला म्हणाली. "त्यांचा कार्यक्रम आहे."

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. सूप वाढून झालं तेव्हा सिनेटरचा तोच मदतनीस आला, बर्फानं भिजलेला कोट हातात घेऊन. बसायला जागा नव्हती. मग त्याला निळ्या फितीची खुर्ची दिसली.

"ही रिकामी आहे का?"

"आहे," डॉक्टर म्हणाले. "पण तशी रिकामी नाही."

पाहुणा कोट सावरत उभाच राहिला. फ्रूमा उठली. तिनं फीत सोडली, घडी घालून ताटाशेजारी ठेवली.

"बसा. सूप गार होतंय."

"फ्रूमा! अगं, तुझ्या बहिणीची जागा ती!"

"ती काही म्हणणार नाही, डॉक्टर."

जेवणं झाल्यावर एलियाहू संदेष्ट्यासाठी दार उघडायचं असतं. त्याच्या नावाचा पेला भरलेला असतो. तो आला की सुटका जवळ आली. दार उघडायचं काम दरवर्षी फ्रूमाचं. तिनं ते उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहिली. बोचरा वारा टेबलांवरून फिरला. प्रार्थना संपली तरी ती हलेना.

"फ्रूमा, लाव आता," कुणीतरी ओरडलं. "आला असेल तो!"

"आला असता तर कोट दिला असता," ती म्हणाली आणि दार लावलं. सगळे खो खो हसले.

मग ती पाहुण्याच्या मांडीवरचा ओला कोट मागून घेऊन खोलीकडे गेली. मी मागोमाग गेलो.

"खुंट्या भरल्यात सगळ्या," मी म्हणालो.

"एक आहे."

तिनं तो कोट खिडकीजवळ टांगला, बाह्यांवरचं पाणी हातानं निपटून काढलं आणि बिल्ला माझ्या हातात ठेवला. "द्या त्याला."

बाकीचे बिल्ले माणसांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेले. आकडे चाचपून ओळखावे लागायचे. हा मात्र नवाकोरा होता, लख्ख.