वीणेवरचा माईक

मारुतीच्या देवळात सप्ताह बसला आणि त्याच दिवसापासून नानासोंच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, साताऱ्याला पोचेनाशी झाली.

नानासो म्हणजे राहीबाईंचे मालक. माण तालुक्यातलं त्यांचं गाव डोंगराच्या घोळात, मोबाईलला रेंज नाही. टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून गावाला एक बिनतारी जोडणी मिळाली होती. तिच्यावरून आरोग्य उपकेंद्रातल्या सोनिया सिस्टर रोज ती पट्टी मोठ्या दवाखान्यात धाडत, आणि ती बघून डॉक्टर संध्याकाळची गोळी ठरवत. आता जोडणी लागते न लागते तोच तुटायची. नानासो आपले आधीच्या सांगण्याप्रमाणे गोळी घेत होते आणि नाडी मंदावत चालली होती. "लय गळाल्यावानी वाटतंय गं," एवढंच ते म्हणत.

राहीबाईंकडं वीणेचा दुपारचा पहारा असे. सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जायची. यंदा त्या वीणेला बिनतारी माईक लावला होता. मालक दवाखान्यातून सुखरूप घरी आले तेव्हा राहीबाईंनीच तो मारुतीला वाहिलेला. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांनाही तार ऐकू यावी म्हणून. वीणा अखंड, मग माईकही अखंड, असं गावानं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. बॅटरी बदलण्यापुरता खंड पडे, त्यालाही भाऊसो पखवाजवाला मारुतीची माफी मागायचा.

त्या दुपारी एक पोरगी हातात काटेरी सळ्यांचा अँटेना धरून देवळाच्या पायऱ्या चढली. जोडणी बसवणाऱ्या कंपनीची ती इंजिनिअर, म्हसवडची दीपमाला. अँटेना गाभाऱ्याकडून फिरत फिरत राहीबाईंच्या छातीशी येऊन थांबला.

"काय वो म्याडम, मारुतीची सोनोग्राफी हाय काय?" भाऊसोनं विचारलं.

"मारुतीची न्हाई, वीणेची," दीपमाला हसली. मग राहीबाईंजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, जोडणी तोडतोय तो ह्यो माईक."

देवाला वाहिलेली वस्तू, आणि तीच मालकांच्या जिवावर? त्यांचा हात माईकच्या बटणाकडं गेला. "बंद करते गं पोरी. मारुती समजून घेईल."

"आवं आत्या, बंद नका करू! चालू असला तरच मला त्याची नेमकी जागा सापडंल. आज ह्यो बंद केला, उद्या लग्नाच्या मांडवात दुसरा लागंल. वाजवा तुमी."

दीपमाला तिथंच भिंतीला टेकून बसली आणि तिनं लॅपटॉप उघडला. आमची जोडणी एका जाड धारेनं जात नाही, तिनं सांगितलं; शेकडो बारीक लहरी शेजारी-शेजारी चालतात, रानात पेरलेल्या पिकाच्या तासांसारख्या, ओळीला ओळ लागून. माईक उभा एकाच जागी, पण त्रास साऱ्या रानाला.

"बांधावरच्या बाभळीसारखा?" तार छेडत राहीबाईंनी विचारलं.

"आक्षी तसाच. बूड एका जागी, सावली लांबवर. आधी सावली छाटायची, मग बुडाजवळचे तास पडीक सोडायचे."

"मग तेवढं पीक गेलंच की."

"न्हाई जात. बाकीच्या तासांत थोडं जादा पेरलेलं असतंय, त्यातनं भरून निघतं. आणि ही बाभूळ, म्हंजी माईक, तापली की जरा सरकती, म्हणून आमचं यंत्र तिच्यावर नजर ठेवून ऱ्हातंय."

"सरकणारी बाभूळ!" भाऊसो म्हणाला. "आमच्या बांधावर नगं गं बाई."

राहीबाई हसल्या नाहीत. तारेबरोबर एकच मागणं मनात चाललं होतं: पट्टी जाऊ दे रे बाबा. दीपमालानं काही कळा दाबल्या, वाट बघितली, पुन्हा दाबल्या.

उन्हं कलती झाली तशा सोनिया सिस्टर धापा टाकत देवळात आल्या. "पट्टी गेली, राहीबाई! डॉक्टर लगेच बोलले. आजची गोळी अजिबात द्यायची न्हाई म्हणाले. नाडी फार उतरलीय, आणखी एक पडली असती तर..."

गोळीची वेळ झालीच होती, आणि वीणा खाली ठेवायची नव्हती. भाऊसोचे दोन्ही हात पखवाजावर, सिस्टर धाप लागून पायरीवरच बसलेल्या. राहीबाईंनी वीणा काढली आणि दीपमालाच्या गळ्यात घातली.

"आत्या, मला येत न्हाई!"

"येयाचं काय त्यात? धर नुसती," म्हणत त्या पायऱ्या उतरल्यासुद्धा.

नानासो ओट्यावर बसले होते. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या तळव्यावर गोळी.

"थांबा!" राहीबाईंनी गोळी उचलून घेतली. धाप लागली होती, पण डॉक्टरांचा निरोप त्यांनी अक्षर न अक्षर सांगितला.

नानासोंनी तांब्या खाली ठेवला. देवळाकडच्या कर्ण्याकडं कान लावून म्हणाले, "तरीच म्हणलं मघापासनं तार अशी का अडखळती. तुझ्या जागी हुबं कोण ऱ्हायलंय?"

"लेक हाय आपली एक. म्हसवडची." राहीबाईंचे डोळे भरून आले. त्या नानासोंच्या शेजारी टेकल्या, कर्ण्याच्या दिशेनं हात जोडले आणि ती अडखळती तार ऐकत बसल्या.