कोणती भाषा ठेवायची

“एकीच जबान पूरी चेक कर सकते, अम्मा. कौनसी रखना, बोलो,” डॉक्टर म्हणाले.

गीताचा जीव टांगणीला लागला होता. मेंदूतल्या मुख्य पेशींना जपणाऱ्या, त्यांना जेऊखाऊ घालणाऱ्या वेगळ्या पेशी असतात म्हणे, ग्लियल नावाच्या. तिच्या नवऱ्याच्या, दौलतच्या डोक्यात त्याच माजल्या होत्या, आणि त्यांची गाठ नेमकी बोलण्याच्या जागेला चिकटली होती. म्हणून त्याला जागं ठेवून ऑपरेशन करणार. तो चित्रं बघून नावं सांगत राहील. अडखळला की डॉक्टर हात आवरतील. पण माणूस थकतो. मराठी, तेलुगू, हिंदी, तीन-तीन भाषा कोण तपासत बसणार? न तपासलेली कदाचित जाईलही.

“तेलुगू,” दौलत म्हणाला. विचार करायलाही थांबला नाही.

गीता उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली.

“अन् घरी माझ्याशी काय बोलणार तुमी?”

“अगं, मी कंडक्टर हाय. कुकटपल्लीच्या बसमधी कुणाला मराठीत तिकीट देऊ? ड्युटी गेली तर पोरीचं कॉलेज?”

“मंजे मी कुणीच न्हाई.”

“तुला न बोलता बी समजतंय. प्यासिंजरला न्हाई समजत.”

त्याचं खरं होतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं. लग्न होऊन देगलूरहून इकडे तेलुगू मुलखात आल्यापासून तिने भाजीवाल्यापुरती तेलुगू कशीबशी उचलली होती. संसार सगळा मराठीत केला, भांडणंसुद्धा.

ऑपरेशनच्या दिवशी तिचा पाय एका जागी ठरेना. बाकड्यावरून दारापाशी, दारापासून पुन्हा बाकड्याकडे.

“मम्मी, जरा बस ना. चक्कर येईल,” लेक शिवानी म्हणाली.

ती बसली आणि लगेच उठली. तेलुगूच जाऊ दे त्यांची, असं मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी आत सोडलं. नर्सने तेलुगूत विचारलं तसं दौलतने नाव सांगितलं, डेपो सांगितला, थांबेही सांगितले. डॉक्टर खूश झाले. मग त्याने गीताकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख पुरेपूर होती. ओठ हलले, पण मराठी शब्द येईना. पुन्हापुन्हा प्रयत्न करून त्याच्या चेहऱ्याला घाम फुटला.

“आ भी सकती कुछ दिनां में,” डॉक्टर हळूच म्हणाले.

गीताने स्टूल कॉटजवळ ओढलं. पदराने त्याचा चेहरा पुसला. तोंडातल्या तोंडात शब्द जुळवले आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत, काय पाहिजे म्हणून त्याला विचारलं, “एम् कावाली?”

“नीळ्ळु,” तो म्हणाला.

तिने पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला.