वस्तादांनी फेटा टाकला

एकाहत्तर सालचा चैत्र होता. संगमनेरजवळच्या त्या गावात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरला होता. जिंकून येणाऱ्यासाठी चांगुणानं पुरण घातलं होतं. पण माणसं आली ती मुक्यानं. पुढं तिचे धनी रंगनाथ वस्ताद, उघड्या डोक्यानं. मागं भाचा मच्छिंद्र, उजवा हात गळ्यात बांधलेला.

हकीकत बरोबर आलेल्या आबासाहेब मास्तरांनी सांगितली. समोरच्या पैलवानानं मच्छिंद्रचा हात मागं पिरगाळला होता. पाठ टेकल्याशिवाय हार मानायची नाही, ही वस्तादांचीच शिकवण. पोरगं दात खाऊन गप्प राहिलं. खांदा कडकन वाजला, तसा वस्तादांनी डोईचा फेटा काढून मातीत फेकला. कुस्ती सोडवली. पाच गावांची माणसं हसली.

“विलायतेत मुष्टियुद्धात हीच रीत आहे,” मास्तर म्हणाले. “गड्याला झेपेना की त्याचा माणूस घाम पुसायचा टॉवेल आत टाकतो. पूर्वी स्पंज टाकायचे. आता तिकडं कुणीही हार पत्करली तरी ‘टॉवेल टाकला’ म्हणतात. त्यात कमीपणा नाही.”

“टाकत असतील. मी न्हाई हरलो, वस्ताद हरले,” मच्छिंद्र म्हणाला.

चांगुणाच्या कानाला ‘वस्ताद’ खटकलं. आई वारल्यावर वयाच्या सहाव्या वर्षी आलेलं हे पोर तालमीत वस्ताद म्हणायचं, घरात मामा. आज उंबऱ्याच्या आतही वस्ताद.

मास्तर गेल्यावर तो डाव्या हातानं कपडे धोतरात गुंडाळू लागला. अकोल्याच्या तालमीत निघाला होता, कायमचा. एका हातानं गाठ बसेना.

“वस्ताद, एवढी गाठ मारा.”

“न्हाई मारत.”

“का?”

“दिवसातनं एकदाच हरतो मी.”

“दोघं एका दावणीचे रेडे,” चांगुणा म्हणाली. “आधी गिळा.”

वस्तादांनी दुधात पोळी कुस्करली आणि घास त्याच्यापुढं धरला. मच्छिंद्रनं तोंड फिरवलं. घास तसाच राहिला. बऱ्याच वेळानं म्हातारा हात थरथरायला लागला, दूध कोपराकडं ओघळलं.

“मामा, हात खाली घ्या,” मच्छिंद्र म्हणाला. मग हळूच, “खांदा लई दुखतोय.”

चांगुणानं तेल गरम करायला ठेवलं.

मच्छिंद्र पुढं तीन हगामे खेळला, मग साखर कारखान्यात लागला. मास्तरांची सुप्याला बदली झाली. दिवाळीला पत्र यायचं, पुढं तेही थांबलं. रंगनाथ एक्याऐंशी साली गेले. चांगुणा नंतर सोळा वर्षं मच्छिंद्रकडंच राहिली. शेवटी नजर गेली, तरी सुनेच्या पोळीला नावं ठेवणं काही तिनं सोडलं नाही.