फडावरचे पेशंट

स्टेला पाटोळेने प्रबंधाचा विषय सांगितला, तेव्हा डॉ. धनश्री मुनोत यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ऑर्थोडॉन्टिक्स विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, विभागप्रमुख मॅडमनी चष्मा काढला की नकार आलाच म्हणून समजावं.

"ऊसतोड कामगारांची मुलं?" मॅडम म्हणाल्या. "अगं, दिवाळी झाली की ती गावात तरी असतात का? तू इथे प्लेट बसवणार आणि पेशंट जाणार कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात. निम्मा अभ्यास गळून जाईल. डिग्री अडकेल तुझी."

"म्हणूनच तर हा विषय घ्यायचाय, मॅडम. ती मुलं गळतात असं म्हणून आजवर कुणी त्यांना घेतलेलंच नाही."

ती हे पुस्तकात वाचून बोलत नव्हती. तिचे वडील शांतवन पाटोळे पाथर्डी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी होते आणि स्टेला त्यांच्याच वर्गात शिकली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरायची तेव्हा अर्धा वर्ग रिकामा असायचा. गुरुजींचा आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. शेजारी बसणारी मैत्रीण थेट उन्हाळ्यात दिसायची, पुष्कळदा दिसायचीही नाही.

विषय म्हटला तर साधा होता. काही मुलांचा खालचा जबडा वाढीत मागे राहतो. मग वरचे दात पुढे आल्यासारखे दिसतात, ओठ मिटत नाहीत, घास पुढच्या दातांनी तुटत नाही आणि मूल पडलं की पहिला टवका त्या दातांचाच उडतो. अशा मुलांना ट्विन ब्लॉक देतात. म्हणजे दोन प्लेटा, एक वर, एक खाली, दोघींना उतरते ठोकळे. तोंड मिटलं की ठोकळ्यावरून ठोकळा घसरतो आणि खालचा जबडा पुढे येऊनच बसतो. अंग वाढीला लागलेलं असताना ही प्लेट रात्रंदिवस घातली, तर वर्षभरात जबडा तिथे रुळतो. अडचण एकच. मुलाने दर महिन्याला दवाखान्यात यायला हवं.

ज्याला येता येत नाही त्याच्याकडे दवाखान्याने जायचं, मोबाईलवर फोटो मागवायचे, मधूनमधून फडावर जाऊन तपासायचं, आणि दर महिन्याला दवाखान्यात येणाऱ्या शहरातल्या मुलांच्या गटाइतकाच गुण येतो का ते पाहायचं. स्टेलाचा प्रश्न एवढाच होता.

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "दोन अटी. एक, जे मूल सुटेल ते सुटलं म्हणूनच लिहायचं, लपवायचं नाही. दोन, शेवटचं मोजमाप तू करायचं नाहीस. ओंकार करेल, आणि कुठलं मूल कुठल्या गटातलं हे त्याला कळता कामा नये."

"कबूल," स्टेला म्हणाली. ओंकार तिचाच वर्गमित्र. जवळची मैत्रीण म्हणूनही एक रेघ इकडची तिकडे करणार नाही, असा माणूस.

पावसाळ्यात शाळाशाळांतून तपासणी झाली. वडिलांच्या जुन्या शाळेत एक मुलगी रांगेतून दोनदा मागे सरकली. ओढणीचं टोक तिने दातांवर असं धरलं होतं की जणू ते शिवूनच टाकलंय. ज्ञानेश्वरी तिचं नाव. सातवीत होती.

"पोरं दातरी म्हनत्यात," तिची आई पुष्पावती म्हणाली. "पोरगी हसायचीच बंद झालीया. फोटो काडायला उभी ऱ्हात न्हाई."

स्टेलाने ओढणी हलकेच बाजूला केली. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये करंगळी सहज मावली असती. पण तिने जबडा पुढे सरकवायला सांगितला, तशी पोरीने तो सरकवला, आणि त्या क्षणी तिचा चेहराच पालटला. स्टेलाने मोबाईलवर फोटो काढून तिच्यापुढे धरला.

ज्ञानेश्वरीने बराच वेळ पाहिलं. "ह्यी म्या हाय?"

"तूच. पण हे असं कायम राहायला वर्षभर खपावं लागेल. बोलताना जीभ अडखळेल. पोरं आणखी चिडवतील."

"आता काय कमी चिडवत्यात व्हय?" ती म्हणाली, आणि आई पहिल्यांदा हसली.

प्लेट बसली. दर आठवड्याला पुष्पावतीच्या मोबाईलवरून फोटो येऊ लागले. समोरून, डाव्या बाजूने, उजव्या बाजूने. दिवाळी झाली, टोळ्या उठल्या, ट्रॅक्टरवर संसार चढले. फोटो येतच राहिले. आधी मागे गावातल्या घराची भिंत असायची, आता पाचटाची कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, दिसू लागली. फडावरच्या मुलांचे फोटो शहरातल्या मुलांच्या तारखांपेक्षा नियमित येत होते, आणि स्टेला हे विभागात येईल त्याला ऐकवत होती.

नाताळ झाला आणि ज्ञानेश्वरीचे फोटो थांबले.

फोन लागेना. आठवडे गेले. मॅडमनी विचारलं तेव्हा स्टेलाला खरं सांगावंच लागलं.

"सुटली म्हणून लिही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "मी आधीच सांगितलं होतं तुला. यात तुझी काही चूक नाही."

त्या संध्याकाळी नगरच्या घरी स्टेला जेवण चिवडत बसली होती. शांतवन गुरुजींनी विचारलं, काय झालं. तिने सांगितलं.

"सुटली म्हणजे?" गुरुजी म्हणाले. "माणूस काय गळून पडतं होय, पानासारखं? कुठंतरी असतंच की ते. तिचा बाप कल्याणच ना? त्याचा मुकादम कोण?"

"मला काय माहीत, पप्पा?"

"मला आहे. गोरक्षनाथ. माझ्याच हाताखाली पाढे शिकला. सतराचा पाढा त्याला शेवटपर्यंत आला नाही, पण पाचशे माणसांचा ठावठिकाणा तोंडपाठ आहे."

गुरुजींनी ताट बाजूला सारून दोन-चार फोन फिरवले. टोळी कर्नाटकात गेलीच नव्हती. राहुरीच्या बाजूला, मुळेच्या कालव्यालगत तिचा तळ पडला होता. घरापासून दुपारच्या सहलीला जावं एवढ्या अंतरावर!

रविवारची उपासना आटोपून बापलेक निघाले. गाडीच्या मागच्या सीटवर स्टेलाने मापाचं सगळं सामान घेतलं होतं. माप घ्यायचे ट्रे, गुलाबी पावडर, प्लास्टर, मेण, पाण्याचा कॅन. कशाला लागेल हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तळावर कोप्यांच्या रांगा होत्या आणि बहुतेक माणसं फडात. ज्ञानेश्वरी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. गाडीतून कोण उतरलं ते दिसलं आणि ती भावासकट कोपीत शिरली.

स्टेला वाकून आत गेली. "ज्ञानू, रागवायला नाही आले गं."

 कोपऱ्यातून रडका आवाज आला, "मॅडम, म्या मुद्दाम न्हाई मोडली."

खालची प्लेट मोडली होती. जेवताना इतर पोरं हसतात म्हणून तिने ती काढून बाजेजवळ जमिनीवर ठेवली होती, आणि बैलाचा पाय पडला. त्यातच आईचा मोबाईल पाण्याच्या पिंपात पडला. आता मॅडम आपलं नाव कापणार, या भीतीने पोरीने घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

"वरची कुठंय?" स्टेलाने विचारलं.

ज्ञानेश्वरीने तोंड उघडलं. वरची प्लेट जागेवर होती, घासूनपुसून स्वच्छ.

"एकटीच वरची घालतेस? तिचा काय उपयोग, खाली घसरायला काही नसताना?"

"खालचं म्या धरते की," ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि तिने करून दाखवलं. जबडा पुढे आला आणि तिथेच ठाम राहिला. "दिवसभर धरते. झोपंत तेवढा सुटतोय."

स्टेला खाली मातीतच बसली. या एका वाक्यासाठी दहा प्रबंध ओवाळून टाकावेत असं तिला वाटलं. मग ती उठली आणि बाह्या सरसावल्या.

कोपीबाहेर बाजेवर दवाखाना मांडला गेला. फडातून परत आलेल्या पुष्पावतीने चुलीवर पाणी तापवलं, त्यात मेण मऊ झालं. गुरुजींनी पोरीचं डोकं धरलं. स्टेलाने पावडर कालवून ट्रे भरला आणि तोंडात दाबला. "नाकाने श्वास घे. गुरुजींकडे बघ." भोवती तळावरची सगळी लेकरं गोळा झाली होती. माप निघालं तसं "आरं, दात आलं भाईर!" असा गलका झाला. मग मऊ मेणावर ज्ञानेश्वरीने जबडा पुढे सरकवून चावा घेतला. एका झटक्यात, नेमका हवा तिथे. इतके दिवस दुसरं काय केलं होतं तिने? गाडीच्या डिकीवर तिथल्या तिथे प्लास्टर ओतलं गेलं, कारण हे माप सुकलं की आकसतं, नगरपर्यंत थांबून चालत नाही.

आणि जाण्याआधी स्टेलाने चिडवणाऱ्या पोरांना रांगेत उभं केलं. प्रत्येकाच्या जबड्याला हात लावून दाखवलं, यातल्या कुणाचा मागे, कुणाचा पुढे. "ज्ञानेश्वरीच्या तोंडात यंत्र आहे. नगरच्या कॉलेजात तिचा अभ्यास चाललाय. ती सांगेल तुम्हाला, विचारा." पोरांनी विचारलं. पोरगी आधी चाचरली, मग जी सुरू झाली ती गाडी वळेपर्यंत बोलतच होती.

सोमवारी स्टेलाने मॅडमना सगळं सांगितलं. प्लेट मोडली, किती काळ मोडलेली होती, नवीन कधी बसेल, सगळं लपवाछपवी न करता नोंदवणार, म्हणाली. मॅडमनी या वेळी चष्म्याला हात लावला नाही. "बाजेवर माप घेतलंस?" एवढंच विचारलं.

नवी प्लेट बसली. गोरक्षनाथने स्वतःचा मोबाईल फोटोसाठी देऊ केला आणि वर दटावलंही, "गुरुजींच्या लेकीचं काम हाय, फोटो चुकला तर याद राखा." उन्हाळा चढला, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. टोळी परतायच्या दिवशी स्टेला शेवटच्या तपासणीला फडावर गेली तर ज्ञानेश्वरी बांधावर बसून उसाचं कांडं पुढच्या दातांनी सोलत होती. टराटरा साल निघत होती.

"ज्ञानू! ऊस नाही! दात किडतील, प्लेट मोडेल!"

"डबीत हाय प्लेट," ती सालीचा तुकडा थुंकत म्हणाली. "मॅडम, जल्मात पैल्यांदा सोलला. आईच सोलून द्यायची. एवडाच खाते, मग चूळ भरते."

स्टेलाने तिचं तोंड पाहिलं. वरचे दात खालच्या दातांवर बसत होते. ओठ मिटत होते. ती रागवायला म्हणून जवळ गेली आणि शेजारी बसून तिने स्वतःही एक कांडं घेतलं.

शेवटचे एक्स-रे आणि साचे ओंकारच्या टेबलावर गेले. नावं झाकलेली, नुसते आकडे. तो एकेक रेघ मारत होता आणि स्टेला दारातून आत-बाहेर करत होती.

"तू बस तरी, नाहीतर जा तरी," तो वैतागला. मग एक एक्स-रे प्रकाशावर धरून म्हणाला, "हा बघ. जबडा काय सुंदर आलाय! हा शहरातला असणार. महिन्याच्या महिन्याला हजर, आईबाप मागे लागलेले. पैज लाव."

स्टेलाने तो आकडा ओळखला, ज्ञानेश्वरीचा. पण सांगायची परवानगीच नव्हती. ती वळून बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिथे तिने दोन्ही मुठी आवळून अशी उडी मारली की समोरून येणाऱ्या नर्सने ट्रे सावरला.

हिशेब लागला. दोन्ही गटांत जबडा सारखाच पुढे आला होता. फडावरची काही मुलं खरोखरच सुटली होती, काहींनी प्लेट घातलीच नव्हती. तीही सगळी हिशेबात धरली. तरीही फडावरचा गट शहराच्या मागे नव्हता.

नाशिकच्या राज्य परिषदेत तिने हे मांडलं. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून पिकल्या केसांचे एक ज्येष्ठ डॉक्टर उठले.

"तुमचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नाहीत. तुलना कमजोर नाही का होत?"

"होते, सर," स्टेला म्हणाली. "पण ऊसतोडीला कुणी जायचं, याच्या चिठ्ठ्या मला टाकता येत नाहीत. म्हणून फडावरची पद्धत वरचढ आहे असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की ही मुलं गळतात म्हणून त्यांना उपचार नाकारायला आता कारण उरलेलं नाही. काही गळतात, पण बहुतेकांना आपण शोधायलाच जात नाही."

 मग ते डॉक्टरच टाळ्या वाजवू लागले, आणि पाठोपाठ सगळं सभागृह. "आमच्या भागात तीन कारखाने आहेत," ते टाळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाले. "तुमची पद्धत द्या आम्हाला. पुढच्या हंगामात सुरू करतो." संध्याकाळी परिषदेतल्या उत्कृष्ट प्रबंधासाठीचं नाव जाहीर झालं, ते पाथर्डीच्या शाळेतल्या पोरीचं होतं. पहिल्या रांगेत शांतवन गुरुजी उभे राहिले आणि बसायचंच विसरले.

बाहेर येऊन स्टेलाने पहिला फोन पुष्पावतीच्या नव्या मोबाईलवर लावला. तो ज्ञानेश्वरीनेच उचलला.

"म्हंजे आमी पास झालो?" सगळं ऐकून तिने विचारलं.

"पहिल्या नंबराने!"

पलीकडे जी आरोळी उठली ती फोन कानाला न लावता ऐकू आली. ज्ञानेश्वरी मोठमोठ्याने हसत होती, मधेच कुणाला तरी ओरडून सांगत होती, आणि "फोटो काड, आये, फोटो काड!" म्हणत होती.

डॉ. मुनोत शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

"दे बघू इकडे," त्या म्हणाल्या, आणि फोन कानाला लावला. "ज्ञानेश्वरी, मी स्टेला मॅडमची मोठी मॅडम. आईला विचार, येत्या दिवाळीनंतर तुमची टोळी कुठल्या फडावर असणार? या वेळी मला यायचंय."