उल्कानचे बोरसोक

तिसरा हातही नुरझातनं वरच्यावर अडवला. या हातात कुरुत होता, उन्हात वाळवलेल्या दह्याचा खारट गोळा, आणि तो थेट तिच्या लेकीच्या, कुंदुझच्या उघड्या तोंडाकडे निघाला होता.

"आत्ताच जेवलीये हो ती," नुरझात हसत म्हणाली. तिनं कुरुत काढून घेतला, खिशात टाकला आणि बोटं झग्याला खसाखसा पुसली.

"मघाशीही हेच म्हणालीस. तेरा महिन्यांची पोरगी, जेवते की नांगर ओढते?" शेजारीण म्हणाली, आणि सगळ्या बायका खिदळल्या.

नुरझातही हसली. आज तिला कशाचंही हसू येत होतं. नऊ दिवसांपूर्वी कुंदुझ कशाचाही आधार न घेता उभी राहिली होती आणि आज तिच्या पायांना लोकरीचा पीळ बांधून तो कापायचा होता, म्हणजे लेकराची चाल मोकळी होते. अंगणात नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे दोन तंबू उभे होते, चुलाणावर अख्खा मेंढा शिजत होता आणि अत-बाशीच्या खोऱ्यातून ऐंशी माणसं आली होती. त्या ऐंशी जणांना एकच खाज सुटली होती, लेकराला आपल्या हातानं घास भरवायची. वडीलधाऱ्यानं हातानं घास पुढे केला की तोंड उघडायचं, नाही म्हणायचं नाही, हे इथं शेंबडं पोरही जाणतं.

आणि कुंदुझला दूध म्हणजे विष होतं. सात महिन्यांची असताना कुणीतरी लाडानं चमचाभर साय चाटवली. ओठ टरारून सुजले, श्वासाची शिटी वाजायला लागली. सामातनं, तिच्या बापानं, बर्फातून गाडी अशी हाणली की नारिनचं इस्पितळ कधी आलं ते त्याला आजही सांगता येत नाही. दुधाचा एक थेंबही द्यायचा नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वेळ आलीच तर टोचायचं इंजेक्शन नुरझातच्या कमरेच्या कापडी पिशवीत होतं. दर थोड्या वेळानं तिचा हात आपोआप पिशवीकडे जाई.

"बाहेर एक शब्द बोलायचा नाही," सासूबाईंनी, म्हणजे उल्काननं, सकाळीच दटावलं होतं. "आज म्हणतील दूध सोसत नाही, उद्या म्हणतील पोरगी रोगट आहे, आणि अठरा वर्षांनी सोयरीक जुळवायला बसलो की तेच उगाळतील. डोळे उघडे ठेव, तोंड बंद ठेव."

नुरझातनं मान हलवली होती, पण मनातून ती धुमसत होती. घरात तीस गाई आणि पोरीला दूध चालत नाही, हे सासूबाईंच्या गळी कधी उतरलंच नव्हतं. काल दिवसभर त्यांनी बोरसोक तळले आणि सुनेला कढईच्या आसपासही फिरकू दिलं नाही. उल्कानचे बोरसोक म्हणजे खोऱ्यात नाव होतं. साय आणि दूध घालून मळलेलं पीठ, एकेक तुकडा उशीसारखा फुगलेला, तोंडात टाकला की विरघळणारा. आज ते दोन दस्तरखानांवर, जेवणासाठी अंथरलेल्या कापडांवर, ढिगानं पसरले होते.

"चला रे, रांगेत!" सामात ओरडला.

पोरं अंगणाच्या टोकाला, पॉप्लरच्या झाडापाशी जाऊन उभी राहिली. जो पहिला येईल त्यानं पीळ कापायचा. नुरझातनं गुडघे टेकून काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ कुंदुझच्या घोट्यांना गुंडाळला. कुंदुझ बांधल्या पायांनी उभी राहून टाळ्या पिटत होती, जणू शर्यत तिनंच भरवली आहे.

"सुटा!"

चौदा पोरं धावत सुटली. कुणी अनवाणी, कुणी बापाच्या बुटात. म्हातारे उठून उभे राहिले, बायकांनी आरडाओरडा करून तंबू डोक्यावर घेतले. फुटक्या ढोपराची शिरीन सगळ्यांना कोपरानं ढकलत पहिली आली आणि धापा टाकत सुरीसाठी हात पुढे केला. सामातनं तिचा हात धरला. पीळ कापला गेला.

कुंदुझनं पाऊल टाकलं. एक, दोन, तीन. नुरझात किंचाळत होती, रडत होती, हसत होती. पिशवी, कुरुत, डॉक्टरीणबाई, सगळं ती साफ विसरली. पाच, सहा, सात!

त्याच क्षणी उल्काननं ओंजळी भरभरून खाऊ नातीवर उधळला. बोरसोक आणि गोळ्यांचा पाऊस पडला. पोरं झुंबड करून तुटून पडली. कुंदुझ मध्येच बुदकन बसली, समोरचा एक बोरसोक उचलला आणि तोंडात घातला.

ही उधळण नुरझातच्या ध्यानातच आली नव्हती. ऐंशी हातांवर तिनं सकाळपासून नजर ठेवली, आणि खाऊ आभाळातून आला.

"थू कर! थू कर बाळा!" ती पोरांच्या अंगावरून उडी मारून पोचली. बोट घालून तुकडा ओढला. अर्धा हाती आला, खाली पडला. अर्धा गेलाच होता. एका हातानं ती पिशवीची गाठ सोडत होती, डोळे लेकीच्या ओठांवर होते.

"घशात अडकलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

उल्कान धापा टाकत आली. "काही होणार नाही तिला."

"तुम्ही नेहमी हेच म्हणता!"

सगळ्यांच्या माना वळल्या. ऐंशी माणसांत सून सासूवर ओरडली होती. उल्कानची नजर कुंदुझवर होती. कुंदुझचे ओठ जसेच्या तसे होते, श्वास सरळ चालला होता, आणि तोंडातला घास काढून घेतल्याबद्दल तिनं भोकाड पसरलं होतं.

मग बुरुलचा पुढे आली. उल्कानची थोरली नणंद, वय अठ्ठ्याहत्तर, खोऱ्यात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. भाकरतुकडा जमिनीवर पडून राहू द्यायचा नसतो. तिनं तो अर्धा बोरसोक वाकून उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. बराच वेळ चावला.

"उल्कान, हे काय गं? ना दूध, ना साय. नुसतं पाण्यात भिजवलेलं पीठ! खोगिराचं चामडं बरं याच्यापेक्षा."

हशा पिकला.

"ऐन जूनमध्ये गाई आटल्या की काय तुझ्या?"

आपल्या बोरसोकांबद्दल उल्काननं चाळीस वर्षांत नवऱ्याचंही ऐकून घेतलं नव्हतं. ती खाली बघून म्हणाली, "हात गेला माझा, वन्सं. वय झालं."

नुरझातनं जवळचा एक बोरसोक उचलून मोडला, हुंगला. पीठ आणि तेल. दुसरा मोडला, तोही तसाच. गोळ्या पाहिल्या, साध्या साखरेच्या. दस्तरखानावरचा ढीगच्या ढीग बिनदुधाचा होता. तिनं सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या डोक्यावरचा रुमाल उगाचच नीट करत होत्या. नुरझातला वाटलं, धावत जावं आणि त्यांच्या गळ्यात पडावं. पण आत्ताच ती ऐंशी जणांत त्यांच्यावर ओरडली होती.

"राहू दे, मी निभावून नेते," बुरुलचा म्हणाली. तिनं घरून आणलेला सायीचा वाडगा ओढला, बोरसोक त्यात चांगला बुडवला आणि गळती साय सावरत हात पुढे केला. "ये गं माझे राणी, आत्ताशी कुठं चालायला लागलीस. हे खा!"

रडणं थांबवून कुंदुझनं चिमणीच्या पिल्लासारखा आ वासला.

"आत्या, अहो..." नुरझातच्या तोंडून इतकंच निघालं. तिनं लेकीला मागे ओढलं, तेवढ्यात उल्काननं बुरुलचाचं मनगट धरलं.

"नको, वन्सं."

बुरुलचाचा हात आजवर कुणी धरला नव्हता. तिनं भुवया चढवल्या.

"माझ्या नातीला दूध चालत नाही. एक थेंबही नाही. श्वास कोंडतो तिचा." मग उल्काननं मान वर केली आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाली, "सगळ्यांनी ऐका! दुधातुपाचा हात पोरीला लावायचा नाही!"

आणि मनगट न सोडता ती वाकली आणि तो घास तिनं स्वतःच्या तोंडात घेतला. थोरल्या माणसाचा पुढे आलेला हात रिता परत जाऊ नये म्हणून. साय तिच्या हनुवटीवरून ओघळली.

बुरुलचानं दस्तरखानावरच्या ढिगाकडे पाहिलं.

"म्हणजे हिच्यासाठी पोतंभर पीठ नासलंस?"

"हो."

"आणि मला सांगितलंस, हात गेला म्हणून."

उल्कान घास चावत होती.

"खोटारडी," बुरुलचा म्हणाली. तिनं बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात नुरझातपुढे धरले. "बघतेस काय सूनबाई? पाणी घाल."

नुरझात धावत जाऊन लांब नळीची झारी आणि साबण घेऊन आली. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालणं हे सुनेचंच काम, लग्न झाल्यापासून तिनं हजारदा केलेलं. बुरुलचानं एकेक बोट चोळलं, नखांतली साय काढली, पुन्हा साबण लावला. मग कोरडा बोरसोक घेऊन त्याचा इवलासा तुकडा कुंदुझच्या तोंडात घातला. कुंदुझ चार दातांनी मन लावून चावू लागली.

झारी रिकामी झाली होती. नुरझात वळली, तर बुरुलचाच्या मागे एक म्हातारा बाह्या सारून उभा होता. त्याच्यामागे त्याची बायको, मग दोन तरण्या सुना, मग पोरंटोरं. रांग दुसऱ्या तंबूच्या दारापर्यंत गेली होती आणि सगळ्यांचे हात पुढे होते.

"आई, पाणी पुरायचं नाही!" नुरझात ओरडली.

"मग ओढ्यावर पळ की!" सासूबाई म्हणाल्या, आणि नुरझात पळाली.