मोजणीबाईंचं टेबल

हॉस्पिटलात एक्स-रे मशीन बसवायचं तर माणसं दोन लागतात. एक ते जोडतो, छतावरच्या रुळांपासून खालच्या टेबलापर्यंत. आणि जोडून झालं की दुसरा हातात मीटर घेऊन खोलीबाहेर फिरतो, भिंतीतून, दाराच्या फटीतून किरण झिरपत नाहीत ना, ते बघत. त्या कंपनीत जोडणारे होते पानेसाहेब. खिशात कायम पाना असायचा म्हणून हे नाव पडलं आणि इतकं चिकटलं, की नवीन आलेला कारकून त्यांचं खरं नाव वाचून विचारायचा, हे कोण हो? मोजणाऱ्या होत्या त्या मोजणीबाई.

पानेसाहेबांनी पन्नाशी ओलांडली होती. लग्न राहून गेलं होतं, एखाद्याचं पोहायला शिकायचं राहून जातं तसं. बाई त्यांच्यापेक्षा थोड्या लहान. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नोकरीसाठी लांब, घरी त्या आणि सासूबाई. कामासाठी दोघं गावोगाव फिरायचे. एका गावात चार दिवस, पुढच्यात आठ, जसं मशीन असेल तसं.

मेक्सिकन जेवणाची सुरुवात अशाच एका गावात झाली. हॉस्पिटल इतकं नवं होतं की लिफ्टच्या बटणांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं, आणि आजूबाजूला मोकळं माळरान. राहायच्या हॉटेलात चहाच्या किटलीपलीकडे काही मिळत नव्हतं. समोरच्या रस्त्यावर एकच पाटी पेटलेली, तिच्यावर हिरवं निवडुंग आणि भलीमोठी टोपी. दोघं आत गेले. बाई मांस खात नव्हत्या आणि पानेसाहेबांना चीजचा नुसता वासही चालत नव्हता. त्यामुळे मेनूकार्ड वाचताना बाईंच्या चेहऱ्यावर मशीनची माहितीपुस्तिका वाचतानाचा भाव आला.

शेवटी मक्याच्या भाकरीत गुंडाळलेले बीन्स आले, सोबत भात आणि तीन वाट्यांत तीन रंगांच्या चटण्या. पानेसाहेबांनी आपल्या ताटातलं चीज चमच्यानं खरवडून बाईंच्या ताटात लोटलं. बाईंनी पहिला घास घेतला आणि मान मागे टाकून त्या स्वस्थ बसल्या.

"काय झालं? तिखट आहे?"

"नाही हो. घरचंच वाटतंय. फक्त वाढलंय दुसऱ्या कुणीतरी, आणि मला उठून काही आणायचं नाहीये."

तेव्हापासून पायंडाच पडला. गाव कुठलंही असो, सामान खोलीत टाकलं की बाई चौकशी करायच्या, इथे मेक्सिकन कुठे मिळतं? बहुतेक ठिकाणी मिळायचं. कुठे बीन्स गोडसर, कुठे चीज रबरासारखं, एका ठिकाणी तर नुसता कोबीच भरलेला. तिथल्या मालकाला बाईंनी विचारलं, "तुम्ही कधी मेक्सिकोला गेलायत का?" तो म्हणाला, "नाही, पण माझा साडू विमानतळावर कामाला आहे." हॉटेलवर पोचेपर्यंत दोघं हसत होते. बाई नेहमी भिंतीला पाठ लावून बसायच्या, म्हणजे सगळी खोली दिसते. जेवण येईपर्यंत मशीनचा विषय काढायचा नाही, असा त्यांचा नियम होता. मग बोलायचं काय? मुलगा फोनवर फक्त हो-नाही करतो. सासूबाईंना टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या मुलीच्या केसांची काळजी लागते. पानेसाहेबांची थोरली बहीण, जिच्याकडे ते राहायचे, त्यांना अजून मोजे कुठे ठेवायचे ते शिकवते. असलं काहीबाही. पण या गप्पांसाठी पानेसाहेब दिवसभर छताला लोंबकळत स्क्रू पिळायचे, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

मग बाईंच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि कमरेचं हाड मोडलं. बाईंनी बदली मागून घेतली. त्या ऑफिसात बसू लागल्या, लोकांनी पाठवलेले मीटरचे आकडे तपासू लागल्या. पानेसाहेबांबरोबर नवा मीटरवाला येऊ लागला. स्वभावाने गरीब, कामात चोख, पण संध्याकाळ झाली की खोलीत जेवण मागवायचा आणि मोबाईल समोर टेकवून खायचा. "तुम्हालाही मागवू का, सर?" असं तो विचारायचा, तेही मनापासून.

पानेसाहेब एकटेच बाहेर पडायचे.

एकदा ते माळरानातल्या त्या पहिल्या गावी पुन्हा गेले. मशीनची वार्षिक तपासणी होती. तिथल्या मेक्सिकन हॉटेलातला वेटर त्यांना बघून खूश झाला. भिंतीजवळचं टेबल पुसत म्हणाला, "आणि मॅडम?"

"येतायत," पानेसाहेब बोलून गेले. "मागून येतायत."

का बोललो, हे त्यांना कळेना. वेटरनं दोन ताटल्या मांडल्या, दोन ग्लास भरले, चटणीच्या वाट्या बाईंच्या हाताशी येतील अशा सरकवून ठेवल्या. आता "त्या येणार नाहीत" म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी दोघांचं जेवण मागवलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता जमेल तेवढं खाल्लं. चीज तसंच राहिलं. ताटल्या उचलताना वेटरनं न वापरलेला ग्लास हळूच आधी नेला, आणि तेच फार लागलं.

बाहेर येऊन त्यांनी बाईंना फोन लावला. कामाचं निमित्त होतं, डाव्या भिंतीचा आकडा जरा चढा आला होता.

"दाराचा कोपरा बघा," बाई म्हणाल्या. "तिथला शिशाचा पत्रा सरकला असेल." मग जरा थांबून म्हणाल्या, "जेवलात?"

"आत्ताच."

"कुठे?" आणि उत्तर यायच्या आधीच, "निवडुंगवाल्याकडे? काय घेतलंत? अहो, सांगा ना नीट. इथे मी ऑफिसातून आल्यापासून पेज ढवळतेय."

पानेसाहेब परत आत गेले, मेनूकार्ड मागून घेतलं आणि फुटपाथवर दिव्याखाली उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचू लागले. बाई मध्येच थांबवायच्या. "बीन्सबरोबर काय देतायत? भोपळी मिरची? भाजलेली की परतलेली? जाऊन विचारा." ते जाऊन विचारायचे. वेटरला वाटलं, मॅडम रुसल्यात आणि हे मनधरणी करतायत.

त्यानंतर प्रत्येक गावातून मेनूकार्ड वाचून दाखवणं सुरू झालं. बाई फोन स्पीकरवर टाकून काम करायच्या, त्यामुळे आतल्या खोलीत पडलेल्या सासूबाईही ऐकायच्या. एकदा त्यांनी तिथूनच आवाज दिला, "अगं, हा रोज जेवण वाचून दाखवतो तो कोण? वाचतोच नुसता, की कधी आणतोही?"

पानेसाहेबांनी ते ऐकलं. पुढच्या महिन्यात बाईंच्या शहरावरून जायचं होतं. त्यांनी वाटेत उतरायचं ठरवलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ते बाईंच्या दारात उभे राहिले, हातात मेक्सिकन जेवणाची मोठी पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. बाईंनी दार उघडलं. केस वर बांधलेले, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांखाली काळं. फोनवरच्या आवाजातल्या बाई आणि या बाई एकच आहेत हे पटायला त्यांना एक क्षण लागला.

"आत या. चपला असू द्या."

खोली लहान होती आणि निम्मी पलंगानं खाल्लेली. सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या, बारकुड्या, डोळे मात्र लखलखीत. "तुम्हीच का ते पानेवाले? या, बसा. त्या वॉकरवर नका बसू, तो माझा घोडा आहे."

बाईंनी बीन्स चांगले घोटून वाटीत दिले. सासूबाईंनी चमचा तोंडात घातला, बराच वेळ घोळवला. "मऊ आहे हो. बोळक्या तोंडाच्या माणसांनीच शोधून काढलेलं दिसतंय." वाटी चाटूनपुसून संपली. मग त्यांनी पदरानं तोंड टिपलं आणि सरळ विचारलं, "एवढ्या लांब वाट वाकडी करून आलात, ते हे बीन्स द्यायलाच का?"

पानेसाहेबांना ठसका लागला. बाई पाणी आणायला उठल्या. "मावशी, मी... घोड्याचं चाक करकरतंय बघा तुमच्या," असं म्हणून त्यांनी खिशातला पाना काढला आणि वॉकर उलटा करून त्यात तोंड घातलं. सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेनं मुद्दाम खिडकीबाहेर.

सासूबाईंचा डोळा लागल्यावर दोघं स्वयंपाकघरात उभे होते. बाई डबे विसळत होत्या, ते पुसत होते.

"मी बदली मागू शकतो," पानेसाहेब म्हणाले. "इथे, ऑफिसात. बहिणीचं काही अडणार नाही, तिला मोजे शिकवायला भाचे आहेत. म्हणजे तुमच्यावर एकटीवर हे सगळं... मी हाताशी असेन. रीतसरच म्हणतोय मी."

बाईंनी नळ बंद केला. "पानेसाहेब, तुम्ही मला मागणी घालताय?"

"हो. तसंच म्हणा."

त्या हसल्या नाहीत. ओले हात टॉवेलला पुसत राहिल्या, कोरडे झाले तरी.

"तुमच्याइतकं चांगलं माणूस मला या वयात भेटणार नाही, हे मला कळतंय. पण मला आणखी घर नकोय हो. घर आहे मला, गळ्यापर्यंत आहे. अंथरुणावर पडले की मला काय आठवतं सांगू? ते टेबल. कुठल्याशा गावातलं, जिथे मला कुणी ओळखत नाही. मी कुणाची सून नाही, कुणाची आई नाही. वाढणारा दुसराच कुणी. समोर तुम्ही, आणि काहीतरी फालतू बोलणं चाललंय."

"समोर मी आहे ना त्यात?"

"आहात. रोज आहात." बाईंनी टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला. "पण तुम्ही या स्वयंपाकघरात आलात, की ते टेबल गेलं. मग तुम्हीही एक दिवस विचाराल, आज काय केलंयस?"

"स्वयंपाक मी करीन."

"तुम्ही? तुम्हाला पाण्याला आलेली उकळी ओळखता येत नाही."

दोघंही हसले. हसणं संपल्यावर पुसायला डबे उरले नव्हते. पानेसाहेबांनी फडकं नीट पिळून दोरीवर टाकलं. "मी चुकीचं काही..."

"मुळीच नाही. आणि फोन बंद करू नका. खरंच सांगते, करू नका."

बसमध्ये त्यांना काही सुचेना. नकार मिळाला होता आणि तरी, कुणीतरी आपली आठवण काढत रोज झोपतं हेही कळलं होतं. यातलं नेमकं कुठलं घेऊन परत जायचं, ते त्यांना ठरवता येईना.

फोन त्यांनी बंद केला नाही. सासूबाई हळूहळू आपल्या घोड्यावरून दारापर्यंत जाऊ लागल्या. मग त्यांची धाकटी बहीण, तीही एकटीच, राहायला आली. दोघी बहिणी दिवसभर भांडायच्या, त्या बातम्यांवाल्या मुलीच्या केसांवरूनही, आणि दोघींच्या अंगी बाळसं आलं. एके सकाळी सासूबाई सुनेला म्हणाल्या, "तू तुझं मीटर घे आणि जा बघू. आम्हाला मधे मधे होतेस."

बाईंनी पुन्हा फिरतीचं काम मागितलं. मिळालंही. पण मधल्या काळात कंपनीनं भाग वाटून दिले होते. बाईंच्या वाट्याला दुसरीच गावं आली, दुसराच जोडणारा. पानेसाहेब वरिष्ठांना भेटून आले. "बघू," वरिष्ठ म्हणाले, आणि ऑफिसात "बघू" म्हणजे काय, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

पहिल्याच फेरीतून बाईंचा फोन आला. मागे ताटल्यांचा आवाज, लोकांचं हसणं. "अहो, भिंतीजवळचं टेबल मिळालं! चटण्या चार आहेत इथे." आवाज पार मोकळा, वर्षभर तो त्यांनी ऐकला नव्हता. आपणही एका अनोळखी गावात बसलोय, हे त्यांनी सांगितलं. मग दोघांनी आपापलं मागवलं आणि फोन ताटाशेजारी ठेवून जेवले. मधे मधे दोघंही गप्प व्हायचे. पलीकडे त्या ग्लास खाली ठेवायच्या, तेवढं ऐकू यायचं. पानेसाहेबांना आनंद झाला होता, अगदी खरा. आणि फोन ठेवल्यावर छातीवरून हात फिरवावासा वाटला, तेही तितकंच खरं.

बरेच महिने असेच गेले. मग एका मोठ्या हॉस्पिटलचं काम निघालं. दोन मशीनं एकाच वेळी बसवायची, दोन्ही भागांची माणसं लागणार. कागदावर दोघांची नावं एकाखाली एक आली. त्या संध्याकाळी पानेसाहेबांनी फोन लावला.

"कळलं का?"

"कळलं."

"एक घोळ आहे पण. मी चौकशी केली. त्या गावात मेक्सिकन नाहीये. होतं म्हणे, बंद पडलं. आता तिथे चपलांचं दुकान आहे."

पलीकडे बाई हसायला लागल्या, आधी हळू, मग अशा की त्यांना बोलताच येईना.

"मग काय झालं?" त्या शेवटी म्हणाल्या. "चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसू. तुम्ही या तर."