श्वानप्रदर्शनाला गेलेली मेंढी

मी मेंढी बोलते आहे, आणि तेही कुत्र्यांविषयी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला एका जागी उभं राहून बोलायची सवय नाही. कळप हलला की मला हलावं लागतं.

माझं नाव कवडी. माझ्या तपकिरी कपाळावर कवडीएवढा पांढरा डाग आहे, म्हणून. जतच्या पूर्वेकडे पाऊस वाट चुकल्यासारखा येतो. तिथला धुळा हा माझा मालक. पण माझा जन्म तिथे झाला नाही. कळप तासगावकडे चालला होता, तेव्हा रस्त्याच्या कडेला मी जन्मले. आई मला चाटायला थांबली आणि कळप पुढे निघून गेला. धुळाच्या मुलीने, सुलाने, मला उचलून खांद्यावर टाकलं आणि ती पळत सुटली. जगात आल्यावर मी पहिल्यांदा पाहिलं ते मागे मागे जाणारं बाभळीचं झाड.

त्याच सुमारास सुलाने एक कुत्र्याचं पिल्लू आणलं. डोळ्यांभोवती काळ्या रेघा, म्हणून त्याचं नाव काजळ्या. आमच्यात पिल्लू कोकरांबरोबर वाढवतात. मुक्कामाला आमच्याभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. त्या वाघरीत पिल्लू कोकरांना बिलगून झोपतं आणि मेंढीच्या दुधावर मोठं होतं. माझ्या आईचं दूध अर्धं मला मिळालं, अर्धं त्याला. त्यामुळे काजळ्या आम्हाला कधी मेंढरं समजलाच नाही. आम्ही त्याचे घरचे होतो. लांडगा आला की तो मालकासाठी नव्हे, बहिणीसाठी धावायचा.

आणि परक्याचा हात त्याला चालायचा नाही. भाकरी टाका, गूळ टाका, तो वास घेऊन तोंड फिरवणार. धुळाने त्याला तसंच वाढवलं होतं. ज्या कुत्र्याला कुणीही कुरवाळावं, तो आमच्या काय कामाचा?

आमच्या कळपात सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी मेंढी चालते. ती वळली की सगळ्या वळतात. ती चिखलात उतरली की सगळ्या चिखलात. का, असं विचारायची आमच्यात रीत नाही. मी विचारायची आणि ढुशा खायची. माणसांतही हीच रीत असते, हे मला उंब्रजला कळलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. पौषात आम्ही उंब्रजला होतो. ऊस तुटला की तिथले बागायतदार रानात मेंढरं बसवून घेतात. आमच्या लेंड्यांचं खत होतं, आम्हाला पाला मिळतो. ते रान हंबीररावांचं. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेला माणूस. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी, मन वाईट नाही. बांधावर उभे राहून ते काजळ्याकडे बघत बसायचे.

"धुळा, गड्या, ह्ये कुत्रं न्हाई, जवान हाय जवान!" एक दिवस ते म्हणाले. "साताऱ्यात कुत्र्यांचं प्रदर्शन भरतंय. पलटणीत असताना म्या असली लय बघितल्यात. ह्येला न्यायचा. देशी कुत्र्यांत कप ह्योच मारतोय बघ!"

सुलाचे डोळे चमकले. ती सातवीपर्यंत शिकलेली. लग्नाचं वय झालं म्हणून तिची आई रोज कुरकुरायची, आणि सुला रोज कळप घेऊन लांबच्या रानात निघून जायची. काजळ्याला चार लोकांनी बघावं, आमच्याकडचा कुत्रा म्हणून नाव घ्यावं, हे तिच्या मनात भरलं.

"पर येक गोम हाय," सुभेदार म्हणाले. "मालकाला कायमचा पत्ता पायजे, असा नियम हाय. तुमी पडला फिरस्ते. तवा माझ्या नावानं लावू."

"आवं सुभेदार, कुत्रं आमचं, मग नाव तुमचं कसं?" सुला म्हणाली.

"अगं, नुसतं लावायचं. नाव लावल्यानं कुत्रं काय माझं हुतंय व्हय?"

धुळाने मान हलवली. "सुभेदार म्हणत्यात त्ये बराबर हाय. मोठ्या मानसास्नी कळतंय."

झालं. म्हातारी मेंढी वळली, आणि सगळे वळले.

निघायच्या दिवशी सुभेदारांनी जीप काढली. काजळ्या जीपला दात दाखवून परत आला. त्याला दोरी लावली, तर गावाच्या शिवेवर तो आडवा पडला. सुभेदार ओढतात, तो मागे बघतो. शेवटी सुलाच्या ध्यानात आलं. ती वाघरीत आली, माझा कान धरला आणि मला बाहेर काढलं. मी शिवेवर गेले आणि काजळ्या शेपटी हलवत उठला.

"आता मेंढी न्यायची व्हय प्रदर्शनाला?" सुभेदारांनी कपाळाला हात लावला.

"कवडी न्हाई तर काजळ्या न्हाई," सुला म्हणाली.

जीपमध्ये बसायला मीही तयार नव्हते. म्हणून सुभेदार जीपने पुढे गेले आणि कळप व कोकरं सुलाच्या आईवर सोपवून धुळा, सुला, काजळ्या व मी हमरस्त्याच्या कडेने चालत साताऱ्याला निघालो. वाटेत मुक्काम केला. धुरळा खाल्ला. उसाच्या ट्रकवरची माणसं ओरडून विचारत होती, "पावनं, वरात कुनाची?" सुला तोंडाला पदर लावून हसत होती.

मैदानात पोचलो तर काय सांगू! कुत्र्यांना पावडर लावलेली. कुत्र्यांचे केस विंचरायला माणसं ठेवलेली. पाचगणीच्या बंगल्यांतल्या बायका, पुण्याच्या मोटारी. देशी कुत्र्यांच्या रांगेत पाचगणीचाच एक गोरटेला, तुकतुकीत कुत्रा होता. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर तो मालकिणीच्या साडीमागे लपला. त्याने जन्मात मेंढी पाहिली नसावी.

फाटकावर प्रदर्शनाचे कार्यवाह उभे होते. सभ्य माणूस, घामाघूम झालेला. "मेंढी आत नेता येणार नाही. इतर जनावरांना मनाई आहे."

सुभेदारांनी एकट्या काजळ्याला आत नेलं. मी फाटकाबाहेर, तो रिंगणात. सुभेदार ओरडले, "सावधान!" काजळ्याने एका खांबावर पाय वर केला. लोक हसले. परीक्षक त्याचे दात बघायला वाकले, तर तो गुरगुरला. कार्यवाह म्हणाले, "बाद करावा लागेल." तेवढ्यात काजळ्याने दोरीला हिसडा दिला, सुभेदारांची टोपी पडली, आणि रिंगण ओलांडून तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. असा उभा राहिला, की हसणारे लोक माना उंचावून बघू लागले. मान वर, छाती पुढे, चारी पाय जमिनीत रोवल्यासारखे.

परीक्षक चालत फाटकाशी आले. उन्हाने रापलेले, कमी बोलणारे गृहस्थ. ते काजळ्याकडे बघत राहिले.

"मेंढीला आत घ्या," ते म्हणाले.

"साहेब, नियम..."

"मेंढी स्पर्धेत नाही. तिला खांब समजा."

मला खांब म्हटलं! पण मी गेले. सुलाने एक हात माझ्या पाठीवर ठेवला, एक काजळ्याच्या मानेवर, आणि परीक्षकांनी त्याचे दात पाहिले, पाय पाहिले, त्याला पळवून पाहिलं. मीही मागून पळाले. लोक टाळ्या वाजवत होते. पाचगणीचा कुत्रा साडीमागेच होता.

देशी कुत्र्यांत पहिला, काजळ्या! कार्यवाहांनी भोंग्यावर पुकारलं, "मालक, सुभेदार हंबीरराव, मुक्काम उंब्रज!"

सुलाचा हात माझ्या पाठीवर घट्ट झाला.

सुभेदार मिशीला पीळ देत पुढे गेले. कार्यवाह त्यांना सांगू लागले, "अभिनंदन. आता शिमग्यानंतर पुण्याला मोठं प्रदर्शन आहे. तोपर्यंत कुत्रा मालकाच्या पत्त्यावरच राहिला पाहिजे. आमचा माणूस तपासायला येईल. पत्त्यावर सापडला नाही तर बक्षीस रद्द."

हे सुभेदारांनाही नवं होतं. त्यांचा मिशीवरचा हात खाली आला. मग म्हणाले, "राहील की. दावणीला बांधू. काय रं धुळा? पुन्याला जाऊन आला की घेऊन जा. शिमगा काय लांब हाय?"

लांब नव्हता? चार दिवसांत आम्हाला उंब्रज सोडायचं होतं. पुढे कोरेगावकडचा माळ. त्या माळावर लांडगे असतात, आणि कळपात नुकतीच जन्मलेली कोकरं होती. त्यांत एक माझं होतं.

मी धुळाकडे पाहिलं. धुळाला हे सगळं माझ्याहून जास्त कळत होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सुभेदार म्हणत्यात तर... ऱ्हाऊ दे की."

मी ओरडले. माझं कोण ऐकणार? पण सुलानेही तोंड उघडलं, आणि तिचं सगळ्यांना ऐकावं लागलं.

"ह्ये कुत्रं सुभेदारांचं न्हाई! आमचं हाय!"

"सुले, गप," धुळा म्हणाला.

"का गप? आबा, तुमी गप ऱ्हायला म्हून तर त्येंचं नाव लागलं! कोकरं लांडग्यानं न्हेल्यावर कुनाला सांगाया जानार? त्या कपाला?"

"अगं येडे," सुभेदार दबक्या आवाजात म्हणाले, "हातात आल्यालं घालवतीस व्हय? कप तुमालाच देतो की घरी गेल्यावर."

"कप ठेवा तुमी. कुत्रं द्या."

लोक जमले. कार्यवाहांनी कपाळ पुसलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, कुत्रा तुमचा असेल तर तुमचं नाव लावू. कायमचा पत्ता सांगा."

सुलाने पदर खोचला. "सांगते की. भादव्यात जतच्या फुडं. दसऱ्याला कवठेमहांकाळ. दिवाळीला तासगावचं रान. मार्गसरात कऱ्हाडच्या खालतं. पौषात उंब्रज, ह्येंच्याच रानात. शिमग्याला कोरेगाव. पाडव्याला माघारी वळतो, आन् मिरगाला घरी."

"असं नाही. एक गाव सांगा."

"येक गाव असतं तर मेंढरं कशावर जगली असती? वरसानुवरस ह्योच पत्ता हाय आमचा. कवाबी या, ज्या त्या म्हैन्यात त्या त्या ठिकानी गाठ पडंल. तुमच्या सायबांची बदली हुती, तवा त्येंचा पत्ता बदलतो. आमचा न्हाई बदलत."

कुणीतरी हसलं. कार्यवाह हसले नाहीत. "तुमचं पटतंय मला," ते म्हणाले, "पण नियम मी केलेले नाहीत."

"मग कुनी केल्यात?"

कार्यवाह हातातले कागद चाळू लागले. परीक्षकांनी हातातला कप परत टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने तो पाचगणीच्या कुत्र्याला मिळाला. कप घेतानाही तो माझ्याकडे बघून थरथरत होता.

परतीच्या वाटेवर धुळा पुढे चालला, सुला मागे. सुभेदारांची जीप आमच्या शेजारून धुरळा उडवत गेली, थांबली नाही. काजळ्या मात्र मजेत होता. त्याला काय, बहीण बरोबर होती.

आम्ही उंब्रजला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सुभेदार बांधावर आले. धुळाशी न बोलता सुलाला म्हणाले, "नियम कोन करतं गं ह्ये?"

"आसंल तुमच्यासारकंच कुनीतरी," सुला म्हणाली.

सुभेदारांची मिशी थरथरली. मला वाटलं, आता रानातून हाकलणार. पण ते मोठ्याने हसले. "पुढच्या साली म्या बोलतो त्येंच्याशी."

"तुमी नगा बोलू. आमीच बोलू."

शिमग्याच्या आधी कोरेगावच्या माळावर लांडगे आले. काजळ्याच्या मागच्या पायाला चावा बसला, तो अजून लंगडतो. कोकरू एकही गेलं नाही.

त्यानंतर दर पौषात आम्ही साताऱ्याला जातो. दुसऱ्या वर्षी कार्यवाहांनी बातमी दिली, की वर मोठी चर्चा होऊन नियम सैल झाला आहे. पत्ता नसलेल्याने 'मार्फत अमुक अमुक' असं एखाद्या गाववाल्याचं नाव द्यावं, म्हणजे चालेल. धुळाला केवढा आनंद झाला! "बघ, मोठ्या मानसांनी वाट काढली."

"मार्फत कशाला?" सुला म्हणाली. "मी हितं उबी हाय की."

आणि आम्ही फाटकावरूनच परत आलो. तिसऱ्या वर्षीही परत आलो. त्या वर्षी सुलाचं लग्न झालं होतं. नवरा आमच्यासारखाच फिरता, अर्जुना नावाचा. तो पहिल्यांदा फाटकाबाहेर लाजून उभा राहिला, नंतर सुलापेक्षा मोठ्याने भांडला.

आता माझे दात पडलेत. माझ्या वयाच्या मेंढ्या कधीच बाजारात विकल्या गेल्या. सुला मला ठेवून आहे. काजळ्या लंगडत माझ्या शेजारी चालतो, आणि त्याचा मुलगा कळपाभोवती पहारा करतो. या पौषात रिंगणाच्या दाराशी तोच उभा राहणार आहे. त्याच्याबरोबर वाढलेली कोवळी मेंढी मी तयार करते आहे. खांब म्हटलं तर रागवायचं नाही, एवढं तिला शिकवलंय.

तुम्ही शिकलेले लोक आहात, तुमच्यातलंच कुणीतरी कुठल्या तरी खोलीत बसून नियम लिहीत असेल. त्याला सांगा, कप नाही दिलात तरी चालेल. आमचा कुत्रा हरला तर हरू द्या. पण त्याला रिंगणात उभा करून, बघून मग हरवा. फाटकावर नको. तुमच्या कागदावर पत्त्यासाठी एकच ओळ आहे म्हणे. मग चार ओळी आखा. शाई आमची चालत असेल तर तीही आणतो.

सुलाने हाळी दिली. म्हातारी मेंढी गेल्या साली गेली, आता पुढे मीच चालते. मागच्या कोकरांना मी सांगितलंय, मी खड्ड्याकडे वळले तर माझ्यामागे येऊ नका, आधी विचारा. चला, निघते. उंब्रज अजून लांब आहे.